एका दिवसाचं ऊन

ज्या दिवशी माणसाने जमिनीत काठी रोवली आणि तिच्या सावलीकडे सबंध दिवस बघत बसला, त्या दिवशी संस्कृतीचा जन्म झाला. हे वाक्य शीयांगपो टेकडीच्या पायथ्याशी काळ्या दगडावर चिनी, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन भाषांत कोरलेलं आहे. फ्रेंच कशासाठी, ते कोणालाच माहीत नाही. दगड २०४० च्या मार्चमध्ये बसवला. काठी तोवर सापडलेली नव्हती.

काठी म्हणजे खांब. प्राध्यापक छ्याओ एकतीस वर्षं सांगत आले होते की चार हजार तीनशे वर्षांपूर्वी शान्शी प्रांतातल्या या टेकडीवर लोकांनी माती ठोकून ठोकून चौथरा उभारला, त्यावर लाकडी खांब रोवला, खांबाच्या सावलीवरून ऋतू ओळखले आणि पेरणीचा दिवस ठरवला. मग पेरणीचा दिवस ठरवणाऱ्याला लोक राजा म्हणू लागले आणि बाकीचा चीन त्यातून निघाला. यातल्या बऱ्याच गोष्टींना पुरावे होते. कोळशावरून चौथऱ्याच्या तळाचं वय कळलं होतं. माणसांच्या दातांवरून कळलं होतं की ते राळ्याचा भात खायचे. डुकरांच्या दातांवरून कळलं होतं की डुकरं शंभर कोसांवरून हाकत आणलेली होती, म्हणजे हाकून आणायला लावणारा कोणीतरी मोठा माणूस असणार. फक्त खांब नव्हता. लाकूड कुजून गेलं असणार हे सगळ्यांना मान्य होतं, पण निदान खांबाचा खड्डा तरी हवा. चौथऱ्याच्या बरोबर मध्यावर, जिथे तो खड्डा असायला हवा, तिथे १९५८ साली गावाने विहीर खोदली होती. पाणी लागलं नव्हतं.

खांब गेला, खड्डा गेला. उरली असलीच तर सावली. ती शोधायला मला बोलावलं होतं.

हे ऐकल्यावर माझी आई म्हणाली होती, "चार हजार वर्षांपूर्वीची सावली? ती काय तिथेच बसलीय होय?"

बसलेली असते. जमिनीखाली गेलेल्या वाळूच्या कणावर, म्हणजे बारीक गारगोटीवर, आजूबाजूच्या मातीतलं मंद किरणोत्सर्जन सतत पडत असतं. त्याने सुटे झालेले इलेक्ट्रॉन कणाच्या आतल्या खळग्यांत जाऊन अडकतात आणि वर्षानुवर्षं अडकूनच राहतात. कणाला ऊन लागलं की खळगे रिकामे होतात. काही खळगे मिनिटाभरात मोकळे होतात. काही मात्र आळशी असतात, त्यांना तासन् तास लागतात. तर समजा, खोल खड्ड्यातली माती वर काढली, पसरली, ठोकली, एक दिवस उन्हात राहू दिली आणि दुसऱ्या दिवशी झाकून टाकली. मग या आळशी खळग्यांमध्ये कायमची खूण राहते: या कणाला सहा तास ऊन मिळालं, शेजारच्याला साडेचार, कारण त्याच्यावर दीड तास कशाची तरी सावली होती.

माझं यंत्र अशा एकेका कणाला हिरव्या प्रकाशाची टिचकी मारतं. अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, कण जरासा निळा चमकतो. किती चमकला यावरून त्याने शेवटचं ऊन किती पाहिलं ते समजतं. दोन चौरस मीटरवरचे कोट्यवधी कण असे वाचले की त्या दिवसाच्या सावल्यांचं चित्र तयार होतं. दोन अडचणी आहेत. एक, हलणारी वस्तू दिसत नाही. इकडून तिकडे गेलेला माणूस, नाचणारा पुरोहित, मिरवणुकीतला राजा यांतलं काहीही उमटत नाही. जे एका जागी राहिलं तेवढंच उमटतं. दुसरी अडचण अशी की वाचलं की पुसलं. खळगा रिकामा झाला की झाला. आणि वाचायच्या आधी मातीला आपल्या जगातलं ऊन लागलं, तर वाचण्याची गरजच संपते.

शीयांगपोच्या चौथऱ्यात वरच्या बाजूला असा एकच थर होता, ज्याच्यावर फक्त एका दिवसाचं ऊन पडलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पावसाच्या थेंबाचा मार नाही, मुंगीचं बीळ नाही, एका रात्रीच्या दवाची तेवढी एक पातळ साय. आणि तिच्यावर लगेच चुन्याचा गिलावा. वरचा चुना आम्ही महिनाभर लाल दिव्यात, नखाने खरवडावा तसा काढला. विहिरीच्या उत्तरेकडचे दोन तुकडे कापून घेतले, एक पश्चिमेचा, एक पूर्वेचा. खांब असता तर त्याची सकाळची सावली पश्चिमेच्या तुकड्यावर पडली असती, दुपारनंतरची पूर्वेच्या, आणि दोन्ही जोडल्यावर उघडलेल्या पंख्यासारखी आकृती दिसली असती. प्रत्येक तुकडा दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, चार बोटं जाड. त्यांना प्रकाश लागू नये म्हणून आधी काळ्या कापडात गुंडाळून, वर जाड काळ्या रजयांत शिवून चाकाच्या गाड्यांवर तळघरात ठेवलं होतं. लांबून एकेरी गाद्या वाटायच्या.

छ्याओ सर अडुसष्ट वर्षांचे. पुढच्या वसंतात निवृत्त होणार होते. पुण्यातली माझी प्रयोगशाळा बंद पडली तेव्हा एका परिषदेतली दहा मिनिटांची ओळख आठवून त्यांनीच मला बोलावून घेतलं होतं. मी सत्तेचाळीस वर्षांची असूनही ते मला श्याओ-के म्हणायचे, म्हणजे छोटी केतकी. घोलप हे आडनाव त्यांना जमलं नाही. त्यांनी दोन महिने प्रयत्न केला होता.

बाबा गेल्यावर आई भोरला एकटी होती, म्हणून मी तिला तीन महिन्यांसाठी शीयांगपोला आणलं. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई. चीन तिला नकाशात कुठे आहे ते डोळे मिटून दाखवता यायचं, पण तिथे माणसं राहतात हे बघून तिला जरा नवल वाटलं. कानात घालायचा दुभाष्या तिने दुसऱ्याच दिवशी काढून ठेवला. "कानात सारखं कोणीतरी बोलतंय," ती म्हणाली. "तुझे बाबा गेल्यावर आत्ता कुठे जरा शांत झालं होतं."

आमचं ठाणं म्हणजे गावची जुनी शाळा. तिथलं स्वयंपाकघर, किल्ल्या आणि सगळी माणसं वू नावाच्या बाईंच्या ताब्यात होती. चिनी भाषेत मावशीला आयी म्हणतात. त्यामुळे छ्याओ सरांपासून गाडीच्या चालकापर्यंत सगळे त्यांना आयी अशी हाक मारायचे. ही एवढ्या सगळ्यांची आई, असं माझ्या आईने गृहीत धरलं आणि तिला त्यांच्याबद्दल फार आदर वाटू लागला. दोघी एकमेकींशी तासन् तास बोलायच्या. आई मराठीत, आयी शान्शीच्या बोलीत, जी दुभाष्यालाही कळत नसे. विषय गुडघ्यांचा आहे की भाज्यांचा, एवढं बाहेरून समजायचं.

सप्टेंबरात पाच दिवस पाऊस लागला. सहाव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. सर आणि मी सकाळी शहरात निघालो होतो. शुक्रवारी बीजिंगहून पाहुणे येणार होते, संग्रहालयाचं उद्घाटन ठरवायला. गाडीत बसता बसता सर म्हणाले, "आयीला सांग, पाहुण्यांच्या खोलीतल्या रजया उन्हात घालायला."

मी अर्धवट झोपेत होते. अंगणात वू आयी होत्या आणि वरच्या खिडकीत आई. मी गाडीतून ओरडले, "आयी, सगळ्या रजया उन्हात घाल."

पहिला शब्द चिनी आणि पुढचं मराठी निघालं, हे मला गाडी फाटकाबाहेर पडल्यावर लक्षात आलं. वू आयींना पहिला शब्द कळला. आईला सगळंच कळलं.

संध्याकाळी परत आलो तेव्हा अंगणातल्या तारांवर तेवीस रजया होत्या. तेवीस पाहुण्यांची आमच्याकडे सोय नव्हती. शेवटच्या दोन काळ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. आपण काय बघतोय ते मला कळलं होतं, पण ते कळलंय हे अजून मान्य करायचं नव्हतं.

"अगं, काय कुबट वास मारत होत्या त्या तळघरातल्या," आई म्हणाली. "मी हिला नाक दाबून दाखवलं. हिनेही नाक दाबलं."

"आई, त्या गाद्या नव्हत्या."

"ते खोळ उसवल्यावर कळलं. आत माती. मग म्हटलं, आता बाहेर काढलीच आहे तर मातीलाही लागू दे जरा ऊन."

"किती वेळ?"

"नवाला काढली, चाराला आत घेतली. मध्ये एकदा उलटायची होती, पण जड फार."

"दोन्ही?"

"नाही गं. दुसऱ्या गाडीचं चाकच फिरेना. तिची नुसती वरची रजई काढली, आतलं काळं कापड तसंच राहू दिलं. तिला उद्या बघणार होतो."

त्या काळ्या रजया वू आयींनी स्वतः शिवल्या होत्या. आत माती आहे हे त्यांना ठाऊक होतं. मातीला ऊन चालत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि शेतावर वाढलेल्या बाईला सांगितलं असतं तरी तिने ते मानलं असतं असं नाही.

छ्याओ सर तळघरात गेले. मी मागोमाग. त्यांनी मातीच्या उघड्या तुकड्यावर तळहात ठेवला. तो अजून कोमट होता.

"कुठला हा?" त्यांनी विचारलं.

"पूर्वेचा."

"म्हणजे दुपारनंतरची वेळ गेली."

"हो सर."

"सकाळ आहे?"

"सकाळ आहे."

 मग वर येऊन त्यांनी तारेवरची रजई चिमटीत धरून पाहिली आणि वू आयींना म्हणाले, छान वाळल्यात. मला मात्र त्यांनी सांगितलं की या दोघींना काही बोलायचं नाही. मी हो म्हणाले आणि जेवायच्या आधीच आईला सगळं सांगून टाकलं. छ्याओ सरांची एकतीस वर्षं, एकच थर, एकच वाचन. चार हजार वर्षांपूर्वीची एक अख्खी दुपार तू एका दिवसात पुसून टाकलीस, असं म्हणाले. वाक्य मला बोलता बोलताच आवडलं, हे त्यातलं वाईट.

आई म्हणाली, "तू सगळ्या म्हणालीस."



दुसऱ्या दिवसापासून तिने बाहेर काही वाळत घातलं नाही. टॉवेलसुद्धा खोलीत पंख्याखाली वाळवायची. स्वयंपाकघरात जाणं बंद झालं. वू आयी दोनदा दारापर्यंत येऊन गुडघ्याला हात लावून उभ्या राहिल्या. आईने हसून मान डोलावली आणि दार लोटून घेतलं. तिने परतीचं तिकीट अलीकडे आणायला सांगितलं. तिचं काही दुखत नव्हतं. तिला फक्त तिथे नको होतं.

पाहुण्यांचा शुक्रवार पुढच्या शुक्रवारवर गेला. बुधवारी मी पश्चिमेचा तुकडा वाचायला घेतला.

वाचनाच्या खोलीत कुंकू विरघळवल्यासारखा लाल उजेड असतो. त्यात हातही आपले वाटत नाहीत. सकाळी सातला यंत्राची सोंड उत्तरेच्या कडेवर टेकली आणि रेषेरेषेने दक्षिणेकडे सरकू लागली. खोलीत यंत्राची गुणगुण तेवढी. निळी चमक इतकी क्षीण असते की डोळ्यांना दिसत नाही, पण तासाभराने मला ती दिसू लागली असं वाटलं. हे सगळ्यांनाच वाटतं, नियमपुस्तिकेत त्याबद्दल परिच्छेद आहे. तरी मी बघत राहिले. एकेक कण शेवटचं पाहिलेलं ऊन परत करत होता आणि रिकामा होत होता. कोणा दुसऱ्याच्या स्वप्नात बसून ते संपेपर्यंत वाट बघावी, तसं. मध्येच मला राळ्याच्या तुसाचा वास आला. खोलीत राळा नव्हता. टेकडीवरून कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं, माती ठोकायच्या मोगऱ्या एका लयीत पडत होत्या, आणि हाक कुठल्या भाषेत आहे ते मला ऐकू येऊनही कळत नव्हतं. मी उठून पाणी प्यायले. पडद्यावर रेषा उमटत होत्या. सोंड मागे टाकत होती ती माती आता नुसती माती होती.

दुपारी अडीचला वाचन संपलं. संगणकाने चित्र जुळवलं आणि खाली लिहिलं: स्थिर उभी वस्तू, शक्यता एकाहत्तर टक्के.

चित्रात एक लांबट काळसर पट्टा होता, आणि त्याच्या एका टोकाशी कमानीसारखे वक्र. पंख्याच्या कडेचे असावेत तसे. मी खुर्चीत मागे टेकले. एकाहत्तर पुष्कळ झाले. उरलेले एकोणतीस पूर्वेच्या तुकड्यात होते आणि तो तुकडा आता कोणालाच काही सांगणार नव्हता. मी अहवालात लिहिलं, "आकृती खांबाच्या सावलीशी सुसंगत." एका शब्दात सरांची एकतीस वर्षं वाचत होती, जायला बांधलेलं आईचं गाठोडं सुटत होतं, आणि मी जे ओरडले होते ते ओरडले नसल्यासारखं होत होतं.

चित्र घेऊन खोलीवर गेले. आई पिशवीला कुलूप लावून बघत होती. चित्राकडे तिने चष्मा न लावताच पाहिलं.

"कोण झोपलाय हा?"

"कुठे?"

"हा काय. कुशीवर. गुडघा पोटाशी घेतलाय." तिने बोट फिरवलं. "चौतीस वर्षं दुपारचा तास घेतलाय मी. झोपलेला माणूस मला पाठमोरासुद्धा ओळखता येतो."

एकदा दिसल्यावर न दिसणं शक्य नव्हतं. खांदा होता. कंबर होती. अंगाखालच्या मातीला ऊन लागलं नव्हतं, आणि पूर्वेच्या बाजूने सावलीची पट्टी होती, म्हणजे दुपार कललेली. कोणीतरी काम टाकून ताज्या ठोकलेल्या, गार चौथऱ्यावर आडवं झालं होतं.

"मग ह्या कमानी?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"सूप धरलंय कोणीतरी तोंडावर. उन्हाचं." आईने आता चष्मा लावला. "हे बघ, सूप धरलं. ऊन सरकलं, तोंडावर यायला लागलं, तेव्हा सूप सरकवलं. परत ऊन सरकलं, परत सरकवलं. एक, दोन, तीन... सात वेळा."

सात कडा होत्या, एकमेकींवर घसरलेल्या बांगड्यांसारख्या. सगळ्या एकाच जागी, झोपलेल्याच्या डोक्याशी, दाटीने. खांबाची सावली सरकत पुढे जाते आणि पुन्हा त्या जागी येत नाही. ही सात वेळा परत आली होती.

"सरांना सांगू नकोस हे," मी म्हणाले.

"मला कुठे चिनी येतं," आई म्हणाली आणि कुलपाची किल्ली शोधू लागली.

सरांना सांगायची गरज पडली नाही. चित्र त्यांच्या पडद्यावरही गेलेलं होतं. मी अहवाल घेऊन गेले तेव्हा ते भिंग लावून बसले होते.

"सात," ते म्हणाले.

"संगणक एकाहत्तर टक्के म्हणतोय, सर."

"त्याला खांब कोणी शिकवले?"

"मी. चाळीस हजार."

"आणि झोपलेली माणसं?"

"एकही नाही."

"मग तो बिचारा दुसरं काय म्हणणार." त्यांनी भिंग ठेवलं. "तू काय लिहिलंयस?"

मी कागद पुढे केला. तो वाचून ते खिडकीकडे वळले. खिडकीतून टेकडी दिसत होती आणि तिच्या पायथ्याला संग्रहालय, दारात बारा मीटरचा पितळी खांब, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला.

"पूर्वेचा तुकडा नाही," मी म्हणाले. "हे चूक आहे असं कोणी सिद्ध करू शकणार नाही."

"म्हणून तर मी तुला विचारतोय, श्याओ-के. ते सिद्ध करू शकणार असते तर विचारायची वेळ आली नसती."

मी पडद्यावरच्या कमानींवर बोट ठेवलं.

"ही कमानींची गोष्ट तुझ्या लक्षात कशी आली?"

"आईच्या आली. ती म्हणते, ते सूप आहे."

"सूप म्हणजे?"

मला चिनी शब्द येत नव्हता. दुभाष्याने ‘धान्य उडवण्याचे साधन’ असं सांगितलं, त्यावरून सरांच्या डोळ्यांसमोर यंत्र आलं असावं. शेवटी आईला बोलावलं. ती घाबरत आली. तिला वाटलं, भरपाई मागतायत. मी सूप म्हटल्यावर ती तडक स्वयंपाकघरात गेली, आठ दिवसांनी पहिल्यांदाच, आणि भिंतीवरचं वू आयींचं बांबूचं सूप घेऊन आली. भोरच्या सुपाहून ते थोडं उथळ होतं, बाकी तेच.

सरांनी ते हातात फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "करून बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोग झाला. त्या वेळी ठाण्यावर चिटपाखरू जागं नसतं. साडेबारा ते अडीच सगळा देश झोपतो आणि त्याला कोणी आळस म्हणत नाही. अंगणात माती पसरून चोपली. कोणाला झोपवायचं यावर चर्चा होण्याआधीच वू आयी कुशीवर आडव्या झाल्या आणि त्यांनी गुडघा पोटाशी घेतला. आई शेजारी बसली, तिने त्यांच्या तोंडावर सूप धरलं. सर घड्याळ घेऊन पायरीवर. मी नोंदी करणार.

"ऊन डोळ्यावर आलं की सरकवा," सर म्हणाले. मी ते आईला सांगितलं.

"मला काय सांगतेस," आई म्हणाली. "तुला असंच झोपवायचे शेताच्या बांधावर."

पहिल्यांदा सतरा मिनिटांनी सरकवलं. दुसऱ्यांदा सोळा. तिसऱ्यांदा आईने हात बदलला. वू आयी पाचव्या मिनिटालाच खऱ्याखुऱ्या झोपल्या होत्या. ओठ जरा उघडे, श्वास एका लयीत. अंगणात आवाज नव्हता. वरती निळं, रिकामं आभाळ. सूर्य सरकत होता आणि तीन माणसं तो कधी एका बाईच्या पापणीवर येतो त्याची वाट बघत होती. माझेही डोळे मिटायला लागले. मध्ये कधीतरी मला वाटलं, ही नोंदवही माझ्या हातात फार वर्षांपासून आहे, आणि आई अशीच बसलेली आहे, फक्त हात कोणाचे ते बदलत गेलेत.

सातव्यांदा सूप सरकलं तेव्हा एक तास सत्तावन्न मिनिटं झाली होती. सर उठून जवळ आले. त्यांनी आईच्या अवघडलेल्या मनगटाकडे पाहिलं.

"त्यांना विचार," ते मला म्हणाले, "की लक्ष ठेवायला काही काठी वगैरे लागली का."

मी विचारलं.

"काठी कशाला?" आई म्हणाली. "तोंडाकडे बघत होते की."

 सर विहिरीच्या दिशेने दोन पावलं गेले, थांबले, परत आले. त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसला. अडुसष्ट हे वय मी पहिल्यांदाच त्यावर पाहिलं. मग त्यांनी माझ्या हातातून अहवाल घेतला, माझं वाक्य खोडलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: "खांबाची सावली आढळली नाही. व्यक्ती एक: झोपलेली. व्यक्ती दोन: जागी, तुकड्याच्या कडेबाहेर, प्रत्यक्ष ठसा नाही, पुरावा सात वेळा." खाली सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मीही केली.

"शुक्रवारी पाहुण्यांना काय सांगायचं?" मी विचारलं.

"हेच. आणि त्यांच्या खोलीत रजया वाळलेल्या आहेत, हेही."

पाहुण्यांनी अहवाल दोनदा वाचला. त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी विचारलं की व्यक्ती एक राजा असण्याची शक्यता किती टक्के आहे. सर म्हणाले, शक्यता आहे, कारण त्याच्यावर कोणीतरी सावली धरलेली आहे. पण व्यक्ती दोनला विचारलं असतं तर बहुधा वेगळं उत्तर आलं असतं. उद्घाटन पुढे ढकललं, मग आणखी पुढे. सर वसंतापर्यंत थांबले नाहीत, हिवाळ्यातच निवृत्त झाले. निघताना त्यांनी आपल्या दोन पिशव्या स्वतःच गाडीत ठेवल्या आणि मला घोलप अशी हाक मारली. जवळजवळ बरोबर.

आईने तिकीट मूळच्या तारखेवर नेलं. टॉवेल तारेवर आला. दोघी पुन्हा बोलायला लागल्या; जायच्या दिवशी वू आयींनी तिला सूप दिलं आणि आईने ते विमानात मांडीवर घेऊन भोरला नेलं.

थराचं वय काढायचं काम नियमाप्रमाणे आमच्याकडे नव्हतं. आकृती वाचणाऱ्याने वय काढायचं नसतं, मन कलतं म्हणून. त्यासाठी तुकड्याचा एक कोपरा आम्ही सुरुवातीलाच दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवला होता. तिथली रांग चौदा महिन्यांची. तळाच्या कोळशाचं वय सगळ्यांना माहीत होतं, म्हणून वरच्या थराचंही तेच धरून आम्ही चाललो होतो. निकाल पुढच्या ऑक्टोबरात आला, एका ओळीचा. थर चौथऱ्याच्या नंतरच्या डागडुजीतला आहे. वय तीनशे ऐंशी वर्षं, अधिक-उणे तीस. म्हणजे ते सूप धरलं तोवर चीनच्या बादशहाच्या महालात ठोके देणारी घड्याळं येऊन साठ वर्षं झाली होती.